बाराव्या कोड्याच्या चाली

पहिला मणी उचलण्याआधी करिष्मा नऊ सेकंद थांबायची. कधी आठ, कधी दहा, पण बहुतेक वेळा नऊच. मग डाव्या हाताच्या बोटाने डावीकडच्या खुंटीवर दोनदा टकटक करायची आणि सगळं कोडं एका दमात सोडवायची. चंद्रिकाने हे वहीत लिहून ठेवलं होतं. अशा गोष्टी टिपणं हेच तिचं काम होतं.

कार्ल्याच्या फाट्याजवळ, भातखाचरांच्या कडेला, कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांसाठी एका संस्थेचं निवासघर होतं. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत मुलं तिथे राहत. चंद्रिका दर पंधरवड्याला पुण्याहून येई आणि औषधांमुळे मुलांच्या आखणीवर, थांबून विचार करण्यावर, नियम ध्यानात ठेवण्यावर काय परिणाम झालाय ते तपासे. साधन साधंच होतं. लाकडी पट्टीवर तीन खुंट्या आणि पाच रंगीत मणी. एका वेळी एकच मणी हलवून चित्रातल्यासारखी रचना करायची. अशी बारा कोडी.

करिष्मा बेडशाच्या वरच्या वाडीतली. तिच्याच खोलीत राहणारा शौनक तळेगावचा, नऊ वर्षांचा आणि कमालीचा उतावळा. दुसऱ्याच सेकंदाला त्याचा हात मण्यावर असायचा. करिष्मा त्याला 'बिनब्रेकचा टेम्पो' म्हणायची आणि तो खूश व्हायचा.

जानेवारीत करिष्मा वारली. शौनक तेव्हा पुण्याला इस्पितळात होता. ती वाडीवर गेलीय, एवढंच त्याला सांगितलं गेलं. त्याच्या आईने, समीक्षाने, चंद्रिकाला गळ घातली होती, की मॅडम, तुम्हीच सांगा, तुमचं तो ऐकतो. चंद्रिकाने कबूल केलं, पण चाचणी झाल्यावर. अशा बातमीने आकडे बिघडले असते, आणि जूनमध्ये त्याला त्याच्या जुन्या वर्गात बसवायचं की नाही ते त्याच आकड्यांवर ठरणार होतं. मग त्याला ताप आला. मग रक्तातल्या पेशी कमी झाल्या. एप्रिल उजाडला. दर खेपेला शौनक विचारायचा, ती कधी येणार, आणि दर खेपेला चंद्रिका वही उघडायची.

मध्यंतरी करिष्माची आई, बाया, तिचे कपडे न्यायला आली होती. पिशवीला गाठ मारता मारता म्हणाली, "मॅडम, पोरगी शेवटपतुर येकच म्हनत हुती, तीनच राहिल्यात. काय राहिलं हुतं ओ?"

पुण्याला जाऊन चंद्रिकाने करिष्माच्या शेवटच्या चाचणीचा कागद काढला. बारावं कोडं सात चालींचं होतं. चार चाली करून करिष्माने डोकं टेबलावर टेकलं होतं. त्या वेळी खोलीत त्या दोघीच होत्या. कागद चंद्रिकाने पुन्हा कपाटात कुलपात ठेवला. बायाला कळवायचं राहूनच गेलं.

शेवटी एका गुरुवारी सकाळी अकराला शौनक तिच्यासमोर बसला. खिडकीबाहेर वाळलेली खाचरं, पलीकडे हायवेवर करवंदं विकणाऱ्या बायका.

पहिल्या कोड्याला तो नऊ सेकंद थांबला. मग डावीकडच्या खुंटीवर दोनदा टकटक.

मैत्रिणीची सवय उचलली, असं चंद्रिकाने समासात लिहिलं. मुलं उचलतात. फक्त शौनक उजव्या हाताचा होता, आणि मणी तो डाव्या हाताने हलवत होता.

दुसरं कोडं, नऊ सेकंद. पाचवं, नऊ. अकरावं, नऊ. एकही चूक नाही.

बाराव्याला तिने पट्टी त्याच्यापुढे सरकवली आणि घड्याळ सुरू केलं. तो हलला नाही.

"मॅडम, चार झाल्यात की," तो म्हणाला. "तीनच राहिल्यात."

तळेगावात, त्याच्या घरात, असं कुणी बोलत नव्हतं. आणि बाया त्याला कधी भेटलीच नव्हती.

चंद्रिकाने पट्टीकडे पाहिलं. मणी सुरुवातीच्या जागी नव्हते. चौथ्या चालीनंतर असतात तसे होते. ते तिनेच लावले होते, आत्ताच, सुरुवातीच्या रचनेचं कार्ड समोर ठेवून. निदान तिला तरी तसंच आठवत होतं.

शौनकने तीन मणी हलवले. कोडं सुटलं.

तिने घड्याळ बंद केलं. आकडे चांगले होते, जुन्या वर्गात बसण्याइतके चांगले. पण हे आकडे कुणाचे म्हणून लिहायचे, ते तिला कळेना.

"ती कधी येणार?" शौनकने विचारलं.

"अजून एक छोटी चाचणी आहे," चंद्रिका म्हणाली. "ती करू, मग..."

शौनकचे दोन्ही हात त्याच्या गुडघ्यांवर होते. बोटं एकमेकांत गुंतवलेली, तिला स्पष्ट दिसत होती.

डावीकडच्या खुंटीवर दोनदा टकटक झाली.

शौनकने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तो चंद्रिकाकडेच बघत होता.

चंद्रिका थांबली. किती सेकंद, ते तिने मोजलं नाही. मग वही मिटली.

"शौनक," ती म्हणाली, "करिष्मा येणार नाही. ती जानेवारीतच वारली."