काचा बंद केल्या की

गाडी झटके मारते म्हणून कोणी आलं, की मी एकच प्रश्न विचारतो. कधी मारते? इंजिन थंड असताना, चढावर, की पेट्रोल भरल्यावर? निम्मं निदान त्या उत्तरात असतं. उरलेल्या निम्म्यासाठी बॉनेट उघडायचं आणि आधी प्लग, मग कॉइल, मग फिल्टर बघायचा. तीस वर्षांत हा क्रम मी एकदाच चुकलो. बसा जरा, तेवढं ऐका.

भर दुपारी माझी वहिनी गॅरेजवर आली. दादाची गाडी तिनं स्वतः चालवत आणली होती. वीस वर्षांची जुनी गाडी, रंग उडालेली.

"भावजी, झटके मारतेय. पिकअपही जातो. जरा बघता?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. अकरा महिन्यांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, तो याच गाडीत गेला. मुलीची शिकवणी सुटायची वाट बघत काचा लावून, हीटर चालू ठेवून बसला होता. मुलगी बाहेर आली तेव्हा इंजिन चालू होतं आणि बाप झोपल्यासारखा दिसत होता. जुन्या गाडीत धूर शिरला, असं कागदावर आलं. लोकांनी कागद कुठे वाचला? त्यानं मुद्दामच केलं असणार, अशी कुजबुज सुरू झाली आणि ती मुलीच्याही कानावर गेली. तेव्हापासून पोरगी बापाचं नाव काढत नाही.

खरं काय ते मला माहीत होतं. त्याआधी पंधरा दिवस दादा गाडी घेऊन माझ्याकडे आला होता. धुराचा पाइप पुढच्या सीटखालीच तुटला होता. नवा जोड टाकायला फार तर तासभर लागला असता. पण दादानं मला मेकॅनिक मानलंच कधी? "जरा बघ रे" म्हणून चावी फेकायचा आणि पेपर वाचत बसायचा. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय. मीही रागारागात ऑइलच्या डब्याचा पत्रा पाइपला गुंडाळला, वरून तार आवळली आणि म्हणालो, "बिनधास्त चालव." तो गेल्यावर मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, की वर्षभर त्या गाडीला माझा हात लागलेला नाही. खाली वाकून कोणी बघितलं नाही, आणि मी सुटलो.

वहिनीला मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"कधी मारते झटके?"

"काचा बंद केल्या की."

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. काचा आणि इंजिन यांचा काडीचा संबंध नसतो. तरीही मी हसलो नाही.

चालवून बघायला निघालो. ती शेजारी बसली. मागच्या काचा लावलेल्या होत्या, पुढच्या दोन्ही उघड्या. गाडी मस्त चालली. दुसरा गिअर, तिसरा, चढाची सुरुवात, कुठे कुरकुर नाही. मग मी माझ्या बाजूची काच वर केली. तिच्या बाजूचं हँडलही करकरत फिरलं आणि ती काच चढत चढत वर जाऊन बसली.

बाहेरचा आवाज तुटला. आत नुसती शांतता... मग तो धूर, गोडसर, कपाळात चढणारा. थरथर आधी स्टिअरिंगमध्ये आली, मग सीटमध्ये, मग माझ्या दातांत. मी पाय पूर्ण दाबला तरी गाडी मंदावतच होती. आणि मागच्या सीटवरून श्वास ऐकू आला. गाढ झोपेतल्या माणसाचा असतो तसा, लांब. एक झाला. पुढचा येईना... मग आला. त्यानंतरचा आणखी उशिरा...

"वहिनी... हेच ना?"

ती समोर बघत होती.

"तुम्हीच सांगा, भावजी."

मी कचकन ब्रेक मारला, काच खाली केली आणि तोंड बाहेर काढून हवा घेतली. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

गॅरेजवर आल्यावर मी गाडी जॅकवर चढवली आणि सरळ खाली सरकलो. पत्रा जिथल्या तिथे होता, काजळीनं काळा पडलेला. मी तार कापली, पत्रा घडी करून खिशात कोंबला. नवा जोड टाकला, दोनदा तपासला. गाडीच्या कडेला वहिनीच्या चपला दिसत होत्या. त्या तासभर जागच्या हलल्या नाहीत.

बाहेर आलो, हात पुसले.

"झालं. किरकोळ होतं."

"बॉनेट उघडलं नाहीत तुम्ही."

मी पाने गोळा करायला लागलो.

"झटके मारते म्हटल्यावर आधी प्लग बघतात, एवढं मलाही कळतं. तुम्ही थेट पाइपकडे गेलात. हे म्हणाले होते, धाकट्यानं पाइप करून दिलाय, आता काळजी नाही. तुम्ही म्हणालात, हात लावला नाही. दोघांपैकी खोटं कोण, तेच बघायचं होतं मला." तिनं हात पुढे केला. "खिशात काय आहे?"

खाई त्याला खवखवे. मी पत्रा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"गाडीला काहीच झालेलं नव्हतं, भावजी. झटक्यांचं मी मनानं सांगितलं."

"पण मघाशी चढावर... ती थरथरत होती, वहिनी. काचा बंद केल्यावर..."

"छान चालली होती. तुम्हीच मध्ये थांबवलीत." ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि काचा बंद कशा होतील? मी बसले होते त्या बाजूची दोन महिने झाले खाली अडकलीय. वर येतच नाही."

मी त्या दारातून हात घालून हँडल फिरवलं. ते नुसतं गरगर फिरलं. काच दाराच्या आत खोल बसलेली होती.

"चला," ती म्हणाली. "बसा गाडीत. बाप मुद्दाम गेला नाही, हे माझ्या मुलीला तुमच्या तोंडून ऐकू दे."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? ती चालवायला बसली, मी तिच्या शेजारी. गाडी लोण्यासारखी निघाली. वहिनीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, माझे मांडीवर. कोपऱ्यावर वळलो तेव्हा माझ्या कोपराशी हँडल करकरलं, आणि दाराच्या फटीतून काचेची कड वर आली.

"सांगतो रे, दादा..." मी पुटपुटलो. "सगळं सांगतो."

काच थांबली नाही.