शिओकाझेची शेंडी

धडाम्! आवाज झाला आणि आमच्या तोफूच्या दुकानासमोर रचलेली सोयाबीनची पोती रस्त्यावर आली. जानेवारीतली दुपार होती, बारीक बर्फ भुरभुरत होतं. मी बाहेर धावले. पोत्यांच्या ढिगात एक भलामोठा पहिलवान बसला होता आणि त्याच्याखाली बिचारी सायकल.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला नाही," तो अदबीनं म्हणाला. "सायकलीला विचारा."

मला हसू फुटलं. आमच्या र्योगोकुच्या गल्ल्यांत सुमो पहिलवान पावलोपावली दिसतात, पण त्यातला एखादा असा लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते. अंगावर पातळ सुती युकाता, पायांत लाकडी खडावा, शेंडीच्या तेलाचा गोड वास... आणि ओठ थंडीनं निळे पडलेले. मी बाबांचा कोट आणून पुढे केला.

"नको. मला अजून कोटाची परवानगी नाही."

"कोणाची परवानगी?"

"पायरीची. कुस्त्या जिंकून वर चढलो की कोट आणि मफलर मिळतो. तोवर युकाताच."

"आणि गारठून मेलात तर?"

"तर युकातातच मरायचं," तो गंभीरपणे म्हणाला. "तोफूच्या वीस वड्या द्या ना. तालमीत पातेलं चुलीवर चढलंय."

नाव तेत्सुहिरो. ओकी बेटावरच्या कोळ्याचा मुलगा. वस्तादांनी आखाड्यासाठी ठेवलेलं नाव शिओकाझे, म्हणजे समुद्रावरचा वारा. "असला वारा सुटला तर गल्लीत एक घर उरायचं नाही," बाबा म्हणाले. पण त्या दिवसापासून तालमीचा तोफू न्यायला दुसरं कोणी कधी आलं नाही... आणि मीही मोजताना एखादी वडी जास्तच टाकू लागले.

दोन वर्षांनी, सप्टेंबरच्या उकाड्यात, तो गळ्याला जाड लोकरी मफलर गुंडाळून आला. घामानं निथळत होता.

"मिझुए, चढलो!"

"अरे, पण जीव जाईल उकाड्यानं!"

"जाऊ दे. आधी तुला दाखवायचा होता."

मी त्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडले. हे सांगायला मी कधीच लाजत नाही.

आता एकच पायरी उरली होती, जुर्यो. तिथं पोचलं की पहिलवानाला पगार सुरू होतो, रेशमी लंगोट मिळतो आणि मुख्य म्हणजे तालमीबाहेर स्वतःचं घर मांडता येतं. त्याखालचे सगळे एका मोठ्या खोलीत रांगेनं झोपतात. तिथं बायको कुठं आणायची?

"जुर्यो झालो ना, की तुला एक गोष्ट विचारणार आहे," तो म्हणाला.

"आत्ता विचार की."

"आत्ता कोणत्या तोंडानं विचारू?"

"आहे त्याच. चांगलं मोठं आहे."

तो हसला, पण विचारलं नाहीच.

"मला शेंडी तर लावत नाहीस ना?"

"छे! माझीच सांभाळताना नाकी नऊ येतात."

बघता बघता नऊ वर्षं गेली. तीनदा तो त्या उंबरठ्यापर्यंत गेला आणि तीनदा परत आला. एकदा गुडघ्यानं दगा दिला, दोनदा नशिबानं. मधल्या काळात बाबा गेले, दुकान माझ्या एकटीवर आलं. चांगली दोन स्थळं चालून आली, ती मी परतवली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "डोंगर हलेल, पण हा वर सरकायचा नाही." मी ऐकून घेतलं. काय करणार... मलाही कधी कधी तसंच वाटायचं.

चौथ्या खेपेला तीन कुस्त्या जिंकल्या, तीन हरल्या. सातवी जिंकली की जुर्यो. मी दुकान बंद करून शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्यानं समोरच्याला रेटत रेटत आखाड्याच्या कडेच्या दोरापर्यंत नेलं. तो गडी तिथं टाचांवर तोल सावरत लटकला होता. एक धक्का, बस्स... आणि त्या घाईत तेत्सुहिरोचाच पाय आधी दोरापलीकडच्या वाळूत पडला. जिंकता जिंकता हरण्याच्या या तऱ्हेला आमच्याकडे 'उतावळं पाऊल' म्हणतात. नऊ वर्षं धीर धरलेल्या माणसाचं पाऊल उतावळं!

त्यानंतर तो तोफू न्यायला आलाच नाही. महिन्याभरानं वस्तादांच्या पत्नी आल्या. आम्ही सगळे त्यांना काकूच म्हणतो. त्यांनी एक आमंत्रण माझ्यासमोर ठेवलं.

"कुस्ती सोडतोय तो. शेंडी उतरवतोय पुढच्या रविवारी. मग ओकीला परत. तिथल्या वृद्धाश्रमात नोकरी धरलीय, म्हाताऱ्यांना उचलून आंघोळ घालायची."

"मला एका शब्दानं बोलला नाही, काकू."

"तुला तोंड दाखवायला लाजतोय गं. म्हणतो, तिची नऊ वर्षं मी फुकट घालवली."

मला असा संताप आला! थांबले ती मी माझ्या मर्जीनं. ती वर्षं फुकट गेली की नाही, हे ठरवणारा हा कोण?

"मी येणार, काकू," मी म्हटलं. "शेंडी तुटो की पारंबी."

हॉटेलच्या दिवाणखान्यात सोनेरी पडद्यापुढे तो खुर्चीत बसला होता. काळा किमोनो, ताठ मान, नजर समोर. पाहुणे एकेक करून त्याच्या मागे जात होते, सोनेरी कात्रीनं शेंडीचे चार केस कापत होते, कानाशी काहीतरी बोलून बाजूला होत होते. शेवटचा काप वस्तादांचा. तोवर त्यानं हलायचं नाही, वळायचं नाही.

माझी पाळी आली. तालमीच्या न्हावीकाकांनी माझ्या हातात कात्री दिली आणि कुठं कापायचं ते बोटानं दाखवलं. इतक्या वर्षांत त्या केसांना मी पहिल्यांदाच हात लावत होते.

"मी आहे," मी हळूच म्हटलं.

त्याचे खांदे हलले. "मिझुए... मी हरलो गं."

"बरं झालं हरलास."

"काय?"

"जुर्यो झाला असतास, तर हा समारंभ मोठ्या आखाड्याच्या ओट्यावर झाला असता. तिथं बाईला पाऊल ठेवू देत नाहीत. तुझी शेंडी साऱ्या गावानं कापली असती आणि मी खाली उभी राहून बघितली असती."

मागे रांगेत कोणीतरी खाकरलं.

"बाई, एकच काप हं," न्हावीकाका पुटपुटले.

"थांबा हो काका. यांना मला काहीतरी विचारायचंय. नऊ वर्षं झाली."

"आता काय विचारू?" त्याचा आवाज फाटला. "ना पगारदार पहिलवान, ना घर. उद्यापासून म्हाताऱ्यांचं अंग चोळणारा माणूस मी."

"ओकीच्या म्हाताऱ्यांना तोफू लागतो की नाही?"

"...लागतो."

"मग विचार."

त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तरी त्यानं मान वळवली नाही. पण आवाज मात्र चांगला खणखणीत निघाला, शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

"मिझुए, माझ्याशी लग्न करशील?"

"करेन," मी म्हटलं, आणि कात्री चालवली.