आल्डरच्या चार काठ्या

म्यूज नदीवरचे धुके थेट तटाला येऊन भिडले होते, बुरुजावरच्या पहारेकऱ्यांच्या भाल्यांची टोके तेवढी त्यातून वर दिसत होती, आणि त्या पहाटे हारमोंटच्या किल्ल्यात एकाही जिवाला झोप नव्हती. कारण सूर्य वर आला की फ्रँकांच्या रिवाजाप्रमाणे नव्या राजाला ढालीवर उभे करून सरदारांनी खांद्यांवरून मिरवायचे होते. थोरला राजा रादोमार चार दिवसांपूर्वी, म्हणे घोडा बुजून, नदीत बुडून मेला होता. धाकटा भाऊ ल्यूडेरिक तेवढा उरला होता.

त्यांची आई, राजमाता एर्मेनोआरा, बिछान्यावर बसून ओल्या फरशीकडे पाहत होती. चार पहाटे हेच चालले होते. दार बंद, पाऊस नाही, तरी तिच्या उशाशी पाण्याची पावले उमटत. छत गळते, असे दासी म्हणत. पण गळत्या छताने थेंब पडतात, डाव्या पायाची मोडकी करंगळी उमटत नाही. रादोमारची करंगळी लहानपणी घोड्याच्या टापेखाली सापडली होती.

हारमोंटचा वंश मुळात तिचा. तिच्या बापाला मुलगा नव्हता. नवरा घरजावई म्हणून आला, लढला आणि कामी आला. गादीवर बसणाऱ्याला तिने आपले रक्त म्हटल्याखेरीज एकही सरदार ढालीला हात लावणार नव्हता.

आणि परवा, प्रेत देवळात ठेवलेले असताना, ल्यूडेरिक तिच्या मांडीवर डोके ठेवून ढसाढसा रडला होता. "घोडा बुजला नव्हता, आईसाहेब," तो म्हणाला होता. "मीच दादाला पाण्याखाली धरले." तो निर्धास्तपणे बोलून गेला, कारण त्या मुलखात आईची साक्ष पोटच्या मुलावर चालत नसे. शिवाय आई ती आई, ती कुठे जाणार, असाही त्याचा हिशेब असावा. अशा हिशेबाचा मला फार संताप येतो.

उजाडता उजाडता तो केस विंचरून घ्यायला आला. राजवंशातल्या पुरुषाच्या केसांना जन्मभर कात्री लागत नसे. ते कापले की राज्यावरचा हक्क गेला. ल्यूडेरिकचे केस कमरेपर्यंत होते. एर्मेनोआराने फणी हाती घेतली.

"बाळ, हे केस उतरव आणि मठात जा," ती हळूच म्हणाली. "मी जन्मात तोंड उघडणार नाही."

"आणि गादी परक्याच्या घशात घालू?"

"जीव तरी वाचेल तुझा."

"माझ्या जिवाला कुणाचे भय?" तो हसला. "आपल्याला आता दुसरा मुलगा नाही, आईसाहेब. आपण काय बोलणार, ते मला ठाऊक आहे."

तिने केसांतली शेवटची गाठ सोडवली आणि त्याच्या माथ्यावर ओठ टेकले.

मैदानात सरदार जमले. वृद्ध न्यायाधीश आन्सबाल्ड संतांच्या अस्थींची पेटी घेऊन पुढे झाला. "राजमाते, ल्यूडेरिक आपल्या रक्ताचे आहेत आणि त्यांचे हात निष्कलंक आहेत, असे या पेटीवर हात ठेवून सांगावे."

एर्मेनोआराने झग्याखालून आल्डरच्या चार काठ्या काढल्या. नदीकाठच्या त्या साध्या झाडाच्या चार काठ्या सभेसमोर आपल्या डोक्यावर मोडून चार दिशांना फेकल्या की रक्ताचे नाते तुटते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मुलाविरुद्ध साक्ष द्यायला तिला बंदी होती. याला बंदी नव्हती.

"आई!" ल्यूडेरिक ओरडला. आईसाहेब म्हणायचे तो विसरला. "आई, नको!"

"याचा वारसा माझा नाही." पहिली काठी मोडली. "याची शपथ माझी नाही." दुसरी. "याच्या रक्ताचा सूड माझा नाही." तिसरी. चौथीला दोनदा प्रयत्न करावा लागला. "हा माझा नाही."

आल्डरचे पांढरे लाकूड मोडल्यावर हळूहळू लाल होते. गवतातले तुकडे लाल होईपर्यंत कुणी हलले नाही. मग सरदारांनी ढाल अलगद जमिनीवर ठेवली.

ज्याला कुळ नाही, त्याच्या खुनाचा जाब विचारायला कुणी नसते. ते तिलाही ठाऊक होते आणि रादोमारच्या स्वारांनाही. आठव्या दिवशी त्यांनी ल्यूडेरिकला नदीच्या उताराशी गाठले. प्रेत वर आणले तेव्हा पाद्र्याने तीनदा विचारले, "याला माती देणारे आप्त कोण?" एर्मेनोआरा समोरच उभी होती. तिसऱ्या वेळी तिचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. दोघा कोळ्यांनी त्याला पुरले.

त्या दिवसापासून ओली पावले थांबली. रादोमार यायचा तो सरळ उशाशी यायचा. आईच्या खोलीत यायला परवानगी कशाला? आता पहाटे दुसरेच कुणी येई आणि उंबऱ्याबाहेर थांबे. दाराच्या फटीतून लांब केसांची सावली दिसे. ती पुढे सरकत नसे.

"ये ना रे आत," एर्मेनोआरा म्हणे. "ल्यूडेरिक, बाळा, आत ये."

मैदानाच्या चारी कोपऱ्यांत रांगत तिने ते तुकडे शोधून आणले, सुताने बांधले आणि उंबऱ्यावर ठेवले. तरी तो बाहेरच थांबला. त्या वर्षी म्यूज गोठली, दासींनी हातापाया पडून विनवले, पण हिवाळाभर तिने ते दार लावू दिले नाही.