पठारावरचं दगडफूल

त्या वर्षी भर वैशाखातही आंबेघेराच्या पठारावरून गार वारा येत होता, आणि गावातल्या बायका दुपारी बारा वाजता अंगणात मसाल्याची वाळवणं घालून गप्पा मारत होत्या. दहा वर्षांपूर्वी असं कुणी बोललं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा पारा एकोणपन्नासावर जायचा आणि कोंबड्या बसल्या जागी माना टाकायच्या. हे बदललं ते शीघ्रझिजेनं.

शीघ्रझीज म्हणजे दगडाची झीज घाईनं घडवून आणणं. तसा दगड नेहमीच झिजत असतो. हवेतला कार्बन वायू पावसाच्या पाण्यात विरघळतो, ते किंचित आंबट पाणी दगडाला खातं, दगडातले क्षार नदीवाटे समुद्रात जातात आणि तो वायू चुनखडी होऊन तळाशी बसतो. पृथ्वी अशीच स्वतःला सांभाळत आली आहे. फक्त तिला लाखो वर्षांची सवड असते, ती माणसाकडे नव्हती. म्हणून शास्त्रज्ञांनी नवं दगडफूल घडवलं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. हे नवं वाण काळा दगड वर्षाला वीतभर खाई. जगातल्या सतरा पठारांवर ते पेरलं, आणि इथल्या पठाराभोवती जांभ्या दगडाची रुंद भिंत घातली. जांभा म्हणजे झिजून झिजून उरलेला चोथा, त्यात खाण्यासारखं काही नसतं. दगडफूल ही भिंत ओलांडणार नाही, असं सरकारनं सांगितलं होतं.

दगडफुलानं ती ओलांडलीच नाही. ओलांडली तन्वी ढेबेनं.

नाव तन्वी असलं तरी बाई चांगली ऐसपैस होती, साठीला टेकलेली, आणि तिच्या काळ्या मसाल्यावर आजूबाजूची गावं जेवत होती. काळ्या मसाल्यात दगडफूल हवंच. रानातलं मिळेनासं झालं होतं, आणि भिंतीपलीकडे पोळीएवढ्या चकत्या नुसत्या पसरलेल्या, वासाला दुप्पट. ‘सरकारचं काय जातंय?’ म्हणत ती पहाटे खुरपं आणि पिशवी घेऊन जायची. तीन वर्षं तो मसाला लोकांनी बोटं चाटून खाल्ला आणि कुणाच्या पोटातही दुखलं नाही.

पठारावरच्या दगडफूल-संशोधन केंद्राच्या प्रमुख डॉक्टर रेणुका मोघे अधूनमधून तिच्याकडे चहाला येत. आज त्या आल्या त्या बसेचनात. अंगणात दोन फेऱ्या मारून त्यांनी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. काळ्या दगडाची उंच भिंत, तिच्यावर राखाडी चट्टे.

“हे करंजवड्याचं धरण, मावशी. इथून पंचाहत्तर किलोमीटर.”

करंजवड्याला तन्वीची लेक गार्गी होती. जावई धरणावरच नोकरीला, घर धरणाखालच्या वसाहतीत.

“वाऱ्यानं गेलं आसंल,” ती म्हणाली.

“वाऱ्यानं एवढं लांब जात नाही. याला बी नसतं, तुकड्यातूनच वाढतं. म्हणजे तुकडा कुणीतरी नेला.”

“वाळल्याला आसला तर?”

डॉक्टरांच्या फेऱ्या थांबल्या. “वाळलं म्हणून ते मरत नाही. निजतं. पाण्याचा शिपका मिळाला की पुन्हा उठतं. का विचारता?”

तन्वी खाली बसली. गार्गी मसाला घरीच करायची, आईनं पाठवलेल्या जिनसांचा. वसाहतीतल्या सगळ्या बायका वाळवण धरणाच्या कठड्यावर घालत, कारण तो काळा दगड तव्यासारखा तापायचा. तिथंच ऊन द्यायचं, तिथंच निवडायचं, तिथंच सुपानं पाखडायचं, आणि उरलेला भुसा वाऱ्यावर धरणाच्या अंगावर. मग पाऊस पडायचा. ही रीत लेकीला तन्वीनंच शिकवली होती.

“मी न्हेलं, मॅडम,” ती म्हणाली. “काय करायचं त्ये मला करा. पर धरणावरचं मारा.”

तिला वाटलं, आता पोलीस येणार. डॉक्टर मात्र तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

“मोरचूद फवारला की मरतं. मी विमानं मागितली. वरून नकार आला. सुटलेल्या दगडफुलानं तेवढ्याच जागेत पठाराच्या चौपट वायू ओढलाय. त्यांना आनंद झालाय, मावशी. धरण रिकामं करतील, वसाहत उठवतील, आणि पुढच्या महिन्यात इथली जांभ्याची भिंतही पाडणार आहेत.”

“लोकं जायची कुठं?”

“काळा दगड कुठे नाही ते सांगा. आपलं निम्म्याहून जास्त राज्य त्याच्यावरच उभं आहे. घाट, किल्ले, विहिरी, घरांचे पाये. सगळ्याची माती होईल. सुरुवातीला कसदार असेल, पीकही मायंदाळ येईल. पण माती उभी राहत नाही. पावसानं वाहून जाते.” त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. “कायद्यात एकच वाट आहे. तुकडा कसा बाहेर गेला याचा साक्षीदाराचा जबाब, आणि त्याची लेखी हरकत. एवढं झालं की फवारणी करावीच लागते, धरणावर आणि पठारावरसुद्धा. असा साक्षीदार मी महिनाभर शोधतेय.”

“आन् गारवा?”

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. “सतरांत सगळ्यात मोठं पठार आपलंच. तीन उन्हाळ्यांत सगळं पहिल्यासारखं होईल. बाकीच्या देशांनीही आपलं पाहून हात आखडले तर त्याआधीच.”

तन्वीनं पेन हातात घेतलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं लेकीला फोन लावला.

“गार्गे, पोरगं कुठाय?”

“अंगणात आहे गं. मातीत लोळतोय सकाळपासून, आत यायचं नाव नाही. का?”

फोनमधून नातवाचं खिदळणं आलं. दुपारचा दीड वाजला होता. गार्गीचं पहिलं पोर अशाच वैशाखात, अशाच दुपारी, बंद खोलीत ओल्या चादरीखाली गेलं होतं. सव्वा वर्षाचं होतं. तन्वीनंच त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं होतं, आणि ते ओठांच्या कोपऱ्यातून परत आलं होतं.

“काय न्हाय. सहज केला,” म्हणून तिनं फोन ठेवला.

मग तिनं पेनाला टोपण लावलं आणि कागद कोराच परत दिला.

“मावशी, अहो, विचार करा! तो मोठा होईल तेव्हा त्याला उभं राहायला जमीन नसेल.”

“मोठा तर हुईल न्हवं?” तन्वी म्हणाली.