सहावा स्क्रू

मी फक्त माप घ्यायला वर गेले होते. आमच्या घरात हे काम माझंच. खाली बाबांचं शवपेट्यांचं वर्कशॉप, वर आम्ही राहतो. कुणी गेलं की टेप घेऊन मी जाते, कारण बाबांना आता गुडघ्यांमुळे वाकवत नाही. त्या सकाळी लांबही जायचं नव्हतं. जिना चढून डावीकडची खोली. आत्या पहाटे गेली होती, डॉक्टर तपासून सही करून गेले होते.

तिची पावलं गार पडली होती. मी टेप लावला, आकडा पाहिला. मापात आम्ही नेहमी चार बोटं वाढवतो, म्हणजे माणूस आत कोंबल्यासारखं दिसत नाही. मी ती चार बोटं वाढवली नाहीत.

फळ्या कापताना बाबा म्हणाले, "आखूड वाटतेय गं."

"आत कूस बदलणार आहे का ती?"

"आज तरी जिभेला आवर घाल."

मी घातला नाही. तेरा वर्षं घातला होता, पुरे झाला.

आई गेल्यावर आत्या घर सांभाळायला आली. मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच. तो सारखा तोंड मिटून गुणगुणायचा, म्हणून त्याला सगळे भुंगा म्हणत. आमच्या जिन्याखाली चादरींचं कपाट आहे. त्यात डांबराच्या गोळ्यांचा वास आणि बाहेरून कडी. एका संध्याकाळी प्रार्थना चालू असताना भुंगा गुणगुणला. आत्यानं त्याला कपाटात कोंडलं, समोर खुर्ची ओढली आणि पेटीचं अस्तर शिवत बसली. त्याला दमा होता. थोड्या वेळानं तो आतून ठोकायला लागला.

"ठोकू दे," आत्या म्हणाली. "दमला की गप्प होईल."

गप्प झाला.

पुढच्या रविवारी बाबा चर्चमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, मी माझ्या बहिणीला क्षमा केली आहे. लोक रडले. पाळकांनी त्यांना मिठी मारली. नंतर कितीतरी दिवस प्रवचनात बाबांचंच उदाहरण. मला कुणी विचारलं नाही. भुंग्याला तर नाहीच. मोठ्या माणसांचं हे बरं असतं, मेलेल्याच्या वतीनं क्षमा करून टाकायची आणि जेवायला बसायचं. आत्या तर जेवताना मला ऐकवायची, "देवानं केली, बापानं केली. तू कोण मोठी लागून गेलीस?"

आता आमच्या वर्कशॉपची एक रीत सांगते, कारण सगळं तिच्यामुळे झालं. झाकणाला सहा स्क्रू असतात. पाच आम्ही पिळतो. सहावा त्या माणसासाठी ठेवतो, ज्याच्या मनात मेलेल्याबद्दल काही डाचत असतं. त्यानं यायचं, "केली क्षमा" म्हणायचं आणि स्वतःच्या हातानं स्क्रू पिळायचा. नाहीतर जीव झाकणाशी अडकून राहतो, असं आजोबा म्हणायचे. पाळकांना हे पटत नाही.

"तारण कृपेनं होतं, स्क्रूनं नाही," ते त्या दुपारीही म्हणाले.

"असेल," बाबा म्हणाले. "पण झाकण स्क्रूनंच बसतं ना, पाळकसाहेब?"

पाळक हसले आणि चर्चकडे गेले. चारला दफन होतं. बाबांनी पाच स्क्रू पिळले, सहावा भोकात ठेवला आणि पेचकस माझ्या हातात दिला.

"मी कोट घालून येतो. तोवर उरक. मनापासून म्हण, पोरी. तिच्यासाठी नको म्हणूस, तुझ्यासाठी म्हण."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर तुझं तू बघ." जिन्यावर त्यांचे गुडघे कुरकुरत गेले.

मी एकटी उरले. दारातून ऊन येत होतं, भुशाचे कण त्यात तरंगत होते. ताज्या लाकडाचा आणि पॉलिशचा वास. मी पेचकस टेकवला, आणि मला दुसराच वास आला. डांबराच्या गोळ्यांचा.

मग ठोका ऐकू आला.

लाकूड उन्हानं तडकतं, मला ठाऊक आहे. मी थांबले. परत आला. आतून, झाकणाच्या खालून, डोक्याच्या बाजूनं… हळू, पण नेमका.

डॉक्टर चुकतात, हे मला कळत होतं. पाच स्क्रू काढायला दोन मिनिटं लागतात, हेही कळत होतं. बाबांना हाक मारली असती तर ते धावत आले असते, गुडघे असे असूनही. मी हाक मारली नाही. कोपऱ्यातली खुर्ची ओढली, पेटीसमोर मांडली आणि बसले.

"ठोकू दे," मी म्हणाले. "दमली की गप्प होईल."

माझा आवाज इतका शांत होता की मला त्याचा आनंद झाला. आयुष्यात इतक्या सुखात मी कधी बसले नव्हते. ठोके येत राहिले, मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. मी उठले. "केली क्षमा," म्हटलं आणि स्क्रू घट्ट पिळला, शेवटचा अर्धा वेढा दोन्ही हातांनी. त्यानंतर आत काही वाजलं नाही.

बाबा कोट घालून आले. स्क्रूवरून अंगठा फिरवून म्हणाले, "शहाणी माझी."

खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. दाराच्या पायऱ्या उतरताना पुढची बाजू खाली झाली आणि आत काहीतरी घसरलं. डोक्याकडून पायांकडे, सरळ, एखादी छोटी वस्तू रिकाम्या डब्यात घसरावी तसं.

"आत काही ठेवलंय का?" पुढचा खांदेकरी म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. आत्याला हलायलासुद्धा मी जागा ठेवली नव्हती.

कबरीपाशी पाळकांनी प्रार्थना सुरू केली. आपण जेवढी क्षमा करतो तेवढीच आपल्यासाठी मागतो, ती ओळ आली. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी ती ओळ तेरा वर्षं म्हणत नाही, म्हणून माझे उघडे होते. पेटी दोरांवर खाली चालली होती, आणि आतून कुणीतरी तोंड मिटून गुणगुणत होतं.

तेव्हा मला ते ठोके नीट आठवले. दोन, मग थोडं थांबून एक. ही भुंग्याची आणि माझी खूण होती. अंथरुणात, भिंतीवर, टेबलाखाली. दोन आणि एक, म्हणजे, ताई, मी आहे. ती आत्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी मी जिन्यावर बसले होते. कपाटातून दोन आणि एक ऐकू येत होतं, आणि मधे आत्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली होती. कडी माझ्या हाताच्या अंतरावर होती. मी मोजत बसले. उठले नाही. एवढी वर्षं आत्याचा इतका द्वेष केला, की मला दुसऱ्या कुणाकडे बघावंच लागलं नाही.

"थांबा," मी म्हणाले. कुणाला वाटलं मी रडतेय. दफनाला आलेल्या मावशीनं मला धरून ठेवलं. माती पडायला लागली.

घरी आल्यावर मी सरळ जिन्याखाली गेले. कडी काढली, चादरी बाहेर फेकल्या आणि आत शिरून गुडघे पोटाशी घेऊन बसले. दार ओढून घेतलं. "भुंग्या," मी म्हणाले, "मला क्षमा कर." फळीवर ठोकलं. दोन, मग एक.

बाहेर कडी सरकली. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला… आणि कापडातून दोरा ओढल्याचा, एकेक टाका, शांतपणे.

बाबांनी मला सकाळी बाहेर काढलं. कडी लागलेलीच नव्हती, दार नुसतं लोटलेलं होतं, असं ते म्हणतात. पण कपाटासमोर खुर्ची होती, आणि खुर्चीवर एक स्क्रू. बाबांनी तो उचलला, बोटांनी आट्यांतली ओली माती पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

"मनापासून म्हणालीस ना गं तू?"

"हो," मी म्हणाले.

रिकाम्या कपाटात दोन ठोके वाजले. बाबांनी मान वळवली नाही.

तिसरा अजून वाजलेला नाही. मी रोज जिन्यावर बसून त्याची वाट बघते.