केसरीनाथांनी बंद केलेला इशारा

२००७ सालची गोष्ट. भिवंडीजवळ राहनाळला एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालाच्या लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो. ते न चालवता, नुसतं वाचून त्यातले धोके दाखवणारं एक टूल होतं. त्याचे इशारे वर्षानुवर्षं साचत नऊ हजारांवर गेले होते.

"रुचिरा, गुरुवारी गिऱ्हाईक येतंय. यादी शून्य पाहिजे," प्रितेशसर म्हणाले. "उरतील ते 'खोटा इशारा' म्हणून बंद कर."

बरेचसे खरंच किरकोळ होते. दुपारी मात्र एकापाशी मी थांबले. वीज जाऊन परत आली, तर दार उघडं असतानाही लिफ्ट हलू शकते. खाली जुना शेरा : 'खोटा इशारा. केसरीनाथ.'

मला हे काम शिकवलं ते केसरीनाथकाकांनीच. तीन वर्षांपूर्वी ते खालच्या गोदामातल्या, आमच्याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या लिफ्टखाली सापडून गेले. त्यांचाच निष्काळजीपणा, असं कंपनीने लिहून टाकलं होतं.

मी इशारा पुन्हा उघडला. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू झालं. रस्त्यापलीकडचे कापडाचे लूम एकदम थांबले. ती खडखड थांबली की भिवंडीत कान दुखतात. इन्व्हर्टरवर तेवढे कॉम्प्युटर चालू होते.

स्क्रीनवर इशारा बंद झाला होता. शेरा केसरीनाथांचा. तारीख आजची.

प्रितेशसरांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. "त्यांचं खातं तर तेव्हाच काढून टाकलं... रुचिरा, राहू दे. बंदच असू दे."

"नाही राहू देणार."

चार वेळा उघडला. चारही वेळा बंद झाला. मानेमागे लिफ्टच्या ग्रीसचा वास येऊ लागला, कोमट, अगदी जवळून. मी वळून पाहिलं नाही.

"काका, चूक झाली तुमच्याकडून. म्हणून झाकायची? खालचे हमाल, चिंधू, लडकू, रोज त्याच लिफ्टमध्ये चढतात. मी झाकू देणार नाही..."

आणि मी तो कोडच दुरुस्त केला. टूल पुन्हा चालवलं. या वेळी इशारा आलाच नाही.

"गिऱ्हाईक येऊन गेल्यावर लिफ्टवर बसवू," सर म्हणाले.

"आत्ता बसवा. नाहीतर गिऱ्हाइकाला मीच सांगेन."

त्यांनी लिफ्टच्या पॅनेलची किल्ली माझ्यापुढे सरकवली. संध्याकाळी वीज आल्यावर नवा प्रोग्राम चढवला. हमाल चिंधूने लिफ्टचं दार उघडं धरलं. मी मेन स्विच पाडला, परत वर केला. लिफ्ट जागची हलली नाही.

आत कोणी नव्हतं. तरी लिफ्टच्या वजनाच्या काट्यावर आकडा होता : एकसष्ट किलो.

चिंधू हळूच म्हणाला, "म्याडम... आतला मानूस उतरतो का न्हाय?"

"उतरेल. तोवर दाराला कोणी हात लावायचा नाही," मी मोठ्याने म्हणाले.

बराच वेळ गेला. मग आकडा शून्य झाला. आणि चिंधू एक पाऊल बाजूला सरकला, कुणाला तरी वाट द्यावी तसा.