खरवडलेला चुना

पूर्व उजळली तरी जैतकोट अजून सावलीतच होता. तिन्ही अंगांना समुद्र आणि चौथ्या अंगाला खाडी, असा तो बेटावरचा कोट. समुद्राकडचे तट असे की लाटांनी शतकभर डोके आपटावे आणि थकून परत जावे. खाडीकडचा तट मात्र गेल्या पावसाळ्यात खचला होता आणि तिथे दगडांच्या जागी माडाची खोडे रचून वेळ निभावली जात होती. बाहेर खोल पाण्यात टोपीकरांचे आरमार आठ दिवस नांगर टाकून बसले होते. त्यातले एक बारा तोफांचे हलके जहाज खाडीत शिरले, तर खोडांचा तो तट दोन घटकाही टिकणार नव्हता, आणि मग आतल्या तीनशे माणसांचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुदैव एवढेच की खाडीची वाट टोपीकरांना ठाऊक नव्हती.

ती वाट चुकीची दाखवायला रवळोजी तांडेल निघाला होता, आणि पडावाच्या, म्हणजे त्याच्या मालवाहू होडीच्या, सुकाण्यावर त्याचे हात लटलट कापत होते.

कोकणात पडावाच्या पोटाला चुना आणि माशाचे तेल कालवून लावतात, लाकडाला समुद्रातला किडा लागू नये म्हणून. पडाव रिकामा असला की हा पांढरा पट्टा पाण्यावर हातभर दिसतो. माल भरला की बुडतो. एवढे ज्ञान टोपीकरांनाही झाले होते. म्हणून काल दिवसभर रवळोजीने आणि त्याच्या मेव्हण्याने, गणूने, रिकाम्या पडावाचा चुना वरून हातभर खरवडला आणि तिथे काळे तेल चोपडले. आत फळ्या टाकून, वर वीतभर मीठ पसरले. आता पाहणाऱ्याला वाटावे, पडाव मिठाने काठोकाठ भरला आहे. असा भरला पडाव ज्या पाण्यातून जातो, तिथून आपले हलके जहाजही जाईल, हा हिशेब टोपीकर करणार होते. प्रत्यक्षात त्या पाण्याखाली म्हशीचा खडक होता, आणि ऐन भरतीला त्याच्यावरून जेमतेम रिकामा पडाव सरकत असे.

ही मसलत किल्लेदार हैबतरावांची. काल पहाटे त्यांनी रवळोजीला सदरेवर बोलावले होते.

"तांडेल, हुकूम करीत नाही. विचारतो. जमेल?"

"खोटा सांगूचा नाय, सरकार. माका भय वाटता."

"भय आम्हांसही वाटते," हैबतराव शांतपणे म्हणाले. "पण ते सांगून तट उभा राहत नाही."

तांडेल सदरेवरून थेट पडावाकडे गेला. रवळोजीची बायको सुंदरा त्याच तटाच्या आड होती.

खोल पाण्यात टोपीकरांच्या मचव्याने पडाव अडवला. एका शिपायाने मिठात भाला खुपसला. वीतभर जाऊन तो फळीवर अडला. शिपायाने पुन्हा खुपसला, पुन्हा अडला.

"दमट हवा, धनी," गणू हात जोडून म्हणाला. "मीठ खाली दगड झालाहा."

शिपायाने दुभाष्याकडे पाहिले, दुभाष्याने मान डोलावली. मग दोघांना जहाजावर कप्तानापुढे नेले. कप्तानाने रवळोजीला आपादमस्तक न्याहाळले.

"साहेब विचारतात, इतका का कापतोस?" दुभाषी म्हणाला.

"तोफा बघून."

कप्तान हसला. भ्यालेला माणूस खोटे बोलत नाही, असा त्याचा अनुभव असावा. हा अनुभव त्याला महागात पडणार होता. "तू पडाव घेऊन खाडीत पुढे चल," तो दुभाष्याकरवी म्हणाला. "आमचे जहाज मागोमाग येईल. हा दुसरा माणूस इथेच राहील."

"तो माझ्या बायलेचो भाऊस, साहेब," रवळोजीच्या तोंडून गेले, आणि शब्द सुटताच त्याला आपली चूक कळली.

"मग तर फारच उत्तम," दुभाष्याने भाषांतर केले.

"जावा, भावोजी," गणू म्हणाला.

ऐन भरती होती. पडाव पुढे, जहाज मागे, असे ते खाडीच्या मुखाशी आले. जहाजावरचे खलाशी दोरीला बांधलेले शिसे सोडून पाण्याची खोली मोजत होते, पाच वाव, पाच वाव, असे ओरडत होते. म्हशीचा खडक भिंतीसारखा एकाएकी उठतो, हे शिशाला कुठून कळावे? पण रवळोजीला कळत होते. त्याला खडकावरचे पाणी हिरवट दिसू लागले होते. अजून सुकाणू वळवता येत होते. डावीकडे खरी वाट होती, गणू वाचला असता, आणि कोट बुडाला असता.

त्याने मागे पाहिले. जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दोन शिपायांमध्ये गणू उभा होता. नाळेवरचा खलाशी सुकाण्यावरच्याला हाताने खुणावतो, ही साऱ्या किनाऱ्याची रीत आहे: पंजा वर केला तर थांब, पुढे सारला तर चल. गणूने पंजा पुढे सारला. त्याचा हात थरथरत होता, एवढ्या अंतरावरूनही ते दिसले.

रवळोजीने सुकाणू सरळ धरले.

पडावाचे पोट खडकाला घासून गेले आणि तो पलीकडे निसटला. मागून लाकूड चिरल्याचा आवाज आला, मग आरडाओरडा, आणि मग एक किंकाळी. ती कोणाची, हे रवळोजीला विचारावे लागले नाही. त्याने मागे पाहिले नाही, आणि जन्मभर स्वतःला त्याबद्दल क्षमाही केली नाही.

ओहोटी लागली, जहाज खडकावर कलंडले, त्याच्या तोफांची तोंडे आभाळाकडे झाली. कोटावरच्या तोफांनी उरलेले काम केले. दुपारी बाहेरच्या आरमाराने नांगर उचलले.

हैबतराव स्वतः धक्क्यावर उतरले. हातात सोन्याचे कडे होते. "तांडेल, तुम्ही कोट राखलात. हात पुढे करा."

रवळोजीने हात पुढे केला नाही. "सरकार, एक मागणा आसा. सुंदरेक तुम्ही सांगा. माज्याच्यान होवचा नाय."

तेवढ्यात सुंदराच बुरुजाच्या पायऱ्या उतरून आली. तिने वरून सारे पाहिले होते. किल्लेदारांपुढे पदर सावरायचेही तिला भान नव्हते.

"सुकाणू तुमच्या हातात होता?"

"होय."

"वळवूक येय होता?"

"येय होता. त्यानं हात पुढे केल्यान."

तिने खडकाकडे पाहिले. "गणू भियालो होतो?"

खोटे सांगणे सोपे होते. कोटातल्या प्रत्येकाने तेच सांगितले असते. "भियालो होतो," रवळोजी म्हणाला. "हात कापत होतो त्याचो."

"ल्हानपणापासून भित्रोच तो," सुंदरा म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडू लागली. रवळोजी तिच्या शेजारी बसला.

वर गोलंदाज विजयाची तोफ भरून हुकुमाची वाट पाहत होता. हैबतरावांनी हात वर केला आणि ती तोफ उडवू दिली नाही.